ओठ शिवताना नाकालाही हात लावू द्यायचा का?

पत्र: आमची मुलगी अकरा आठवड्यांची आहे. डावीकडचा ओठ थेट नाकपुडीच्या आतपर्यंत दुभंगलेला आहे, शिवाय हिरडी आणि टाळूही. सर्जन म्हणतात, चौथ्या महिन्यात ओठ शिवू आणि त्याच भुलीत नाकही सावरून घेऊ; टाळू दहाव्या महिन्यात. दुसऱ्या एका डॉक्टरांनी मात्र बजावलं, ‘नाकाला आता हात लावू देऊ नका, वाढ खुंटेल. सोळाव्या वर्षी काय ते एकदाच करा.’ घरात दोन तट पडलेत. लहानपणीच्या ऑपरेशननं नाक खरंच वाढायचं थांबतं का? आणि आम्ही ठरवायला वेळ घेतला, तर तेवढ्यात काही बिघडेल का? – एक आई

उत्तर: तुमचे दोन्ही डॉक्टर ‘नाकाचं ऑपरेशन’ म्हणतात, पण दोघांच्या डोळ्यांपुढे बहुधा एकच ऑपरेशन नाही. ओठ शिवताना नाकपुडीची कूर्चा, म्हणजे नाकातलं मऊ, लवचीक हाड, मोकळी करून वर उचलून बसवणं ही एक गोष्ट झाली. नाकाच्या मधल्या पडद्यातली कूर्चा कापून काढणं किंवा नाकाची हाडं फोडून नव्यानं बसवणं ही अगदी वेगळी. पहिल्यानं वाढ खुंटत नाही. दुसऱ्यानं खुंटू शकते, म्हणूनच ते वाढ पुरी झाल्यावर करतात. तेव्हा ‘आत्ता की सोळाव्या वर्षी’ यावर भांडत बसू नका. आत्ता नेमकं काय हलवणार, काय कापणार आणि कशाला हात लावणार नाही, हे सर्जनना विचारून घ्या.

त्याआधी मुलीचं नाक एकदा खालून बघा. तिला मांडीवर आडवं घ्या, डोकं किंचित मागे, आणि हनुवटीच्या बाजूनं नाकपुड्यांकडे पाहा. उजवी नाकपुडी उभट दिसेल, डावी आडवी पसरलेली. नाकाचा शेंडा आणि दोन नाकपुड्यांमधला खांब उजवीकडे, म्हणजे फटीपासून दूर कललेला असेल. यामागे साधी ओढाताण आहे. ओठाभोवतीचा गोल स्नायू फटीपाशी तुटलेला असतो. त्याचं एक टोक खांबाच्या बुडाशी चिकटलेलं, दुसरं डाव्या नाकपुडीच्या पायाशी. बाळ रडलं, चोखायला लागलं की दोन्ही टोकं आपापल्या बाजूला ओढतात. खांब उजवीकडे सरकतो. डाव्या नाकपुडीचा पाया बाहेर, खाली आणि मागे जातो. तिची कमानीसारखी असायला हवी ती कूर्चा त्या ताणात सपाट होते. त्यातून फटीच्या बाजूला नाकपुडीखालचं जबड्याचं हाडच अपुरं असतं, त्यामुळे पाया जणू खड्ड्यात बसलेला असतो.

आतला पडदाही सरळ नसतो. पुढचं टोक उजवीकडे गेलेलं, तर मागचा भाग डावीकडे फुगलेला. त्यामुळे डावी नाकपुडी रुंद दिसली तरी श्वास त्याच बाजूनं कमी जातो. बाळ झोपलेलं असताना थंड स्टीलचा चमचा नाकाखाली धरा. दोन्ही बाजूंना किती वाफ धरते ते दिसेल.

सांगायचं असं की हे वाकडेपण कोणी चाकू लावण्याआधीचं आहे. नाकाला हात लावला नाही, तर ते त्याच ओढीखाली वाढत राहतं.

दुसऱ्या डॉक्टरांची भीती मात्र निराधार नाही. नाकाचा पडदा हा चेहऱ्याच्या मधल्या भागाच्या वाढीचा एक मोठा आधार आहे. बाळपणी तो जवळजवळ सगळा कूर्चेचा असतो आणि वाढताना नाकाला पुढे रेटतो. वाढत्या सशांमध्ये पडद्याची कूर्चा काढून पाहिली, तेव्हा त्यांचं तोंड पुढे वाढलं नाही, आखूड राहिलं. अशा प्रयोगांचा धसका घेऊन सर्जनांच्या एका पिढीनं लहान मुलांच्या नाकाला काही करायचंच नाही असा नियम केला. वास्तविक प्रयोग पडद्याचा होता, नियम सगळ्या नाकाला लागला.

तो नियम सैल झाला तो मोठ्या झालेल्या मुलांकडे पाहून. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे सर्जन हॅरोल्ड मॅककोम्ब ओठाबरोबरच नाकपुडीची कूर्चा उचलून बसवत. त्यांनी ती मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत तपासली आणि १९९६ मध्ये निष्कर्ष छापले: नाकाची वाढ खुंटली नव्हती आणि उचललेली कूर्चा बहुतांशी वरच राहिली होती. आज बहुतेक क्लेफ्ट केंद्रांत, म्हणजे दुभंगलेल्या ओठ-टाळूवर उपचार करणाऱ्या ठिकाणी, ओठाबरोबर नाकाचं थोडंफार काम होतंच.

तुमचे सर्जन त्या दिवशी काय करतील, ते साधारण असं. ओठाच्या दोन्ही कडा कापून उघडल्यावर स्नायूची टोकं नको तिथून सोडवतात, एक खांबाच्या बुडापासून, दुसरं नाकपुडीच्या पायापासून. मग नाकपुडीचा पाया जबड्याच्या हाडाच्या कडेपासून मोकळा करतात. हे अर्धवट राहिलं तर बाकी सगळं फुकट. पाया पुन्हा मागे खेचला जातो. ओठाच्याच कापातून बारीक कात्री घालून नाकपुडीची कूर्चा आणि वरची त्वचा यांच्यामध्ये जागा करतात, म्हणजे बाहेर वेगळा व्रण येत नाही. मग नाकपुडीची जमीन शिवतात, स्नायूची टोकं मधोमध आणून जोडतात आणि कूर्चेची कमान वर उचलून टाक्यांनी धरून ठेवतात. काही सर्जन हे टाके आतच विरघळणारे घालतात, काही बाहेर छोट्या गादीवर बांधून काही दिवसांनी काढतात.

पडद्याचं पुढचं टोक काही जण याच वेळी नाकाच्या बुडाशी असलेल्या हाडाच्या काट्यासारख्या टोकापासून सोडवून मध्यावर आणतात. कूर्चा न कापता नुसतं सरकवलं, तर त्यानं वाढीला धक्का बसतो असं दिसलेलं नाही. ‘पडद्याचा तुकडा काढू’ असं कोणी म्हणालं, तर मात्र थांबा आणि कारण विचारा. वाढीचा प्रश्न आहेच, शिवाय आणखी एक हिशेब आहे. मोठेपणी शेवटचं नाक घडवताना शेंड्याला आधार द्यायला कूर्चेच्या पट्ट्या लागतात आणि त्या पहिल्यांदा पडद्यातूनच घेतात. तिथली ठेव आधीच काढून संपली असेल, तर कान किंवा बरगडी गाठावी लागते.

आता बिघडतं कुठे? सर्वांत वाईट चूक म्हणजे नाकपुडी घट्ट शिवणं. नाकपुडीच्या आत गोल फिरणारा काप घेतला किंवा पाया जरुरीपेक्षा जास्त आत ओढला, तर व्रण आक्रसतो आणि भोक बारीक होतं. रुंद राहिलेली नाकपुडी पुढे कधीही लहान करता येते. आक्रसलेली मोठी करणं फार अवघड, त्याला कातडीची किंवा कानातल्या कूर्चेची भर घालावी लागते. म्हणून टेबलावरून उतरताना डावी नाकपुडी उजवीपेक्षा किंचित मोठी दिसली, तर घाबरू नका.

दुसरी गोष्ट चूक नव्हे, पण पालकांचा हिरमोड तिथेच होतो. पहिल्या महिन्यात नाक जितकं उचललेलं दिसतं, तितकं ते वर्षानं राहत नाही. कूर्चेला जुना आकार आठवतो, व्रण ओढतो आणि खाली हाडाचा आधार अजून नसतोच. म्हणून काही सर्जन डावी कमान मुद्दाम उजवीपेक्षा थोडी वर बसवतात. ओठाचंही तसंच: सहा-आठ आठवड्यांनी व्रण लाल, कडक आणि आखूड होतो, ओठ वर ओढल्यासारखा दिसतो, मग हळूहळू वर्षभरात सैल पडतो. त्या मधल्या काळात ‘ऑपरेशन बिघडलं’ असा निकाल देऊ नका.

घसरण कमी करायला नाकपुड्यांत नोज स्टेंट ठेवतात. सिलिकॉनच्या दोन छोट्या पोकळ नळ्या मध्ये जोडलेल्या असतात. त्यांतून श्वास चालू राहतो. बाहेरचे टाके निघाले की, म्हणजे साधारण आठवड्यानं, तो सुरू करतात आणि काही महिने, पुष्कळदा सहापर्यंत, जवळजवळ दिवसरात्र ठेवतात. इथे निम्मं काम सर्जनचं आणि निम्मं तुमचं, म्हणून थोडं तपशिलात सांगते.

दिवसातून दोनदा स्टेंट काढून धुवायचा. हात धुऊन घ्या. चिकटपट्टी कोरडी ओढू नका, पाण्यानं भिजवून सोडवा. स्टेंट काढल्यावर प्रत्येक नाकपुडीत सलाइनचे दोन-तीन थेंब टाका, मिनिटभर थांबा आणि सैल झालेली खपली ओल्या मऊ कापडानं टिपा. आत काडी घालून खरवडू नका. स्टेंट साबणाच्या पाण्यानं आणि बारीक ब्रशनं धुवा, नळ्या आरपार मोकळ्या झाल्यात हे उजेडात धरून बघा. परत घालताना टोक सलाइननं ओलं करा, आधी डावी बाजू, दिशा वर आणि मागे, मग उजवी. गालावर आधी त्वचेचं रक्षण करणारी पातळ पट्टी लावा आणि तिच्यावर चिकटपट्टी. रोज त्याच जागी नुसती चिकटपट्टी लावली तर गाल सोलवटतो. पट्टी नसली की स्टेंट निघून बाळाच्या तोंडात जाऊ शकतो, म्हणून ती कधीच वगळायची नाही.

हे सगळं पाच-दहा मिनिटांत आटपा. चार तास बाहेर राहिला तर दुसऱ्या वेळी घालताना जड जाईल. पूर्ण दिवस बाहेर राहिला आणि जात नसेल तर जोर लावू नका, दवाखान्यात फोन करा. नाकपुडीची कड पांढरीफटक किंवा निळसर झाली, रक्त आलं, जखम दिसली तर लगेच काढा आणि दाखवा, बहुधा माप मोठं असतं. उलट तो सैल होऊन डुलायला लागला, तर पुढचं माप घ्यायची वेळ झाली. आणि नाकात तेल सोडू नका. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. घरातल्या मोठ्यांनाही हे बजावून ठेवा.

ऑपरेशनआधी काही करता येतं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायला हवं. नवजात बाळाची कूर्चा पहिल्या काही आठवड्यांत विलक्षण मऊ असते, आईकडून आलेल्या इस्ट्रोजेनमुळे. त्या काळात टाळूवर बसवलेल्या साच्याला छोटा नाकाचा हात जोडून दर आठवड्याला तो थोडाथोडा वळवतात आणि नाकपुडीला आकार देतात. याला नॅम (नेझोअल्व्हिओलर मोल्डिंग) म्हणतात. ते पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू केलं तर जास्त फळ देतं. तुमची मुलगी अकरा आठवड्यांची झाली आहे, म्हणजे तो मऊपणा बराचसा ओसरला. जवळच असं केंद्र असेल तर विचारा. नसेल तर चुटपुट लावून घेऊ नका. नॅमशिवायही नाक चांगलं बसवता येतं.

टाळूचा विषय खरं तर नाकाच्या वाढीशी जास्त जोडलेला आहे, पण त्याबद्दल घरात वाद होत नाही, कारण टाळू दिसत नाही. नाक वरच्या जबड्यावर बसलेलं असतं. जबडा मागे राहिला, तर वरचं नाक कितीही छान शिवलेलं असो, चपटं आणि आत दबलेलं दिसतं.

श्रीलंकेत ऑपरेशन न होताच मोठी झालेली क्लेफ्टची माणसं तपासली गेली. मार्स आणि ह्यूस्टन या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या अभ्यासात ज्यांचं काहीच शिवलं नव्हतं त्यांचा वरचा जबडा बऱ्यापैकी पुढे वाढलेला होता. फक्त ओठ शिवलेल्यांचाही फारसा मागे नव्हता. ज्यांची टाळूही लहानपणी शिवली होती, त्यांच्यात तो मागे राहिलेला आढळला. याचं कारण व्रण. कडक टाळूवरचं आवरण उचलून मधे सरकवलं की बाजूला, दातांलगत, हाड उघडं राहतं. ते भरून येताना जो कडक व्रण होतो, तो जबड्याला आत आणि मागे धरून ठेवतो.

मग टाळू उशिरा शिवावी का? जबड्याच्या दृष्टीनं उशीर बरा, पण बोलणं? मूल बोलायला लागतं तेव्हा मऊ टाळू बंद नसेल, तर हवा नाकातून निसटते आणि उच्चारांना चुकीच्या सवयी लागतात, त्या सुटता सुटत नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत फक्त टाळू दुभंगलेली बाळं घेतली होती. सहाव्या महिन्यात शिवलेल्यांपैकी ८.९ टक्के आणि बाराव्या महिन्यात शिवलेल्यांपैकी १५ टक्के मुलांची टाळू पाचव्या वर्षी बोलताना अपुरी बंद होत होती. तुमच्या मुलीचा ओठही दुभंगलेला आहे, म्हणजे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत, पण कल कळतो. जबडा मागे राहिला तर मोठेपणी पुढे आणता येतो. गेलेली उच्चारांची वर्षं परत मिळवणं कठीण. दहावा महिना माझ्या मते योग्य आहे. सर्जनना एवढंच विचारा की कडक टाळूवर हाड उघडं राहू नये यासाठी ते काय करतात.

सोळाव्या वर्षी ‘एकदाच’ हे मात्र कुणाच्याच बाबतीत खरं होत नाही. वाटेत काय येईल ते सांगून ठेवते. साडेचार-पाचाव्या वर्षी शेंडा फार पडलेला असेल आणि मूल त्यावरून चिडवलं जात असेल, तर छोटी दुरुस्ती करतात, पडद्याला न कापता. प्रत्येक ऑपरेशन व्रण वाढवतं, म्हणून ‘जरा आणखी बरं दिसेल’ एवढ्यासाठी करू नये. सातव्या ते अकराव्या वर्षाच्या दरम्यान, सुळा खाली उतरण्याआधी, हिरडीतल्या फटीत कमरेच्या हाडाचा चुरा भरतात. हा बोन ग्राफ्ट दातांसाठी म्हणून सांगितला जातो, पण डाव्या नाकपुडीला तोवर न मिळालेला पाया इथे मिळतो. त्याच वयात बघा, वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या मागे पडतात का. पडत असतील तर ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे, जायला उशीर करू नका. पुढे जबडा सरकवण्याचं ऑपरेशन लागेल का, याची ती पहिली खूण असते.

नाकाची मोठी वाढ दोनदा होते, पहिल्या काही वर्षांत आणि वयात येताना. मुलींची वाढ साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी आणि मुलग्यांची सतरा-अठराव्या वर्षी आटोपते. वर्षभर उंची बदलली नाही आणि सहा-सहा महिन्यांनी काढलेल्या चेहऱ्याच्या एक्स-रेत जबडे जागच्या जागी दिसले, की मग शेवटचं नाक. जबड्याचं ऑपरेशन लागणार असेल तर ते आधी करायचं. जबडा पुढे आला की नाकपुड्या रुंद होतात आणि शेंडा वर उचलला जातो, त्यामुळे आधी केलेलं नाक पुन्हा मोजायला लागतं. पडदा, हाडं, शेंडा, श्वासाचा मार्ग, हे सगळं त्या वेळी एकदम. दुसऱ्या डॉक्टरांच्या मनात होतं ते ऑपरेशन हे. आत्ता केलेलं काम त्याच्या आड येत नाही, उलट त्याला सोपं करून ठेवतं.

पुढच्या भेटीत सर्जनना विचारा: नाकपुडीचा पाया हाडापासून पूर्ण सोडवणार का? पडद्यातून काही काढणार आहात का, की नुसता सरळ करणार? नाकपुडीच्या आत कुठे काप येईल? स्टेंट तुम्ही देता का, आणि माप बदलायला किती आठवड्यांनी यायचं? तुमच्याकडची पाच-सहा वर्षांची झालेली मुलं खालून काढलेल्या फोटोंत दाखवाल का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटेल, पण वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या सर्जनकडे असे फोटो असतातच. तुम्हीही ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यापासून महिन्याला एक फोटो काढत जा: बाळ आडवं, हनुवटी वर, उजेड समोरून, नाकाचा शेंडा दोन भुवयांच्या मधोमध येईल असा. दर वेळी कोन तोच ठेवला, तरच सहा महिन्यांनी तुलना करता येते.

तुमचा शेवटचा प्रश्न वेळेचा. ओठासाठी एक जुना ठोकताळा आहे: दहा आठवडे वय, दहा पौंड म्हणजे साडेचार किलो वजन आणि दहा हिमोग्लोबिन. तुमची मुलगी वयात बसते; वजन आणि रक्त बघून घ्या. आठ-पंधरा दिवस विचारात गेले, दुसरं मत घेतलं, तर नाकाचं काहीही बिघडत नाही. ऑपरेशनच्या तोंडावर सर्दी, खोकला किंवा ताप आला तर तारीख वाया जाईल म्हणून लपवू नका. भुलीत तिची श्वासनळी आक्रसण्याचा धोका त्यानं वाढतो. दवाखान्यात फोन करून सांगा, ते दोन-चार आठवडे पुढची तारीख देतील.